गाडी शेवटची कुणी तपासली?

कापसाचे पैसे हाती आले, केळीचा हिशेब झाला की जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत जुनी चारचाकी घ्यायचा विषय निघतो. गाडी बघायला चार जण जातात, सोबत ओळखीचा मेकॅनिक असतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला: पासिंग कुठलं? एमएच १९ म्हणजे जळगाव, १८ म्हणजे धुळे, ३९ म्हणजे नंदुरबार. या तिन्ही घरच्या. जीजे ०५ म्हणजे सुरतेची. दिल्लीचं डीएल असेल तर भाव ऐकूनच माणूस दोनदा विचारतो. हा प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्यामागोमाग आणखी एक प्रश्न यायला हवा, आणि तो कुणी विचारत नाही. ही गाडी शेवटची कुणी तपासली, आणि तेव्हा काय निघालं?

विचारत नाहीत, कारण उत्तर द्यायला कुणाकडे काही नसतं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. ती संपली की आरटीओत गाडी उभी करायची, तपासणी करून घ्यायची आणि पुढची ५ वर्षं मिळवायची. म्हणजे २०११ साली शोरूममधून निघालेल्या गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग, चेसिस सरकारी माणूस पहिल्यांदा नीट बघणार ते २०२६ साली. मधल्या काळात गाडी तीन हात फिरते, दोनदा ठोकली जाते, एकदा पाण्यात बुडते, तरी ठोकल्या-बुडाल्याची एक ओळही सरकारदरबारी उमटत नाही. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी सर्वसाधारणपणे कागद तपासले जातात, गाडी नाही. पीयूसी असते, पण ती फक्त धूर मोजते.

प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना मात्र फिटनेस लागतो: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तो का लागतो हे शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला वेगळं सांगायला नको. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर भरधाव कंटेनर समोरच्या गाड्यांना उडवून थेट हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. ब्रेक जसे कंटेनरचे जातात तसे बारा वर्षांच्या खासगी गाडीचेही जातात, आणि तीही त्याच बिजासन घाटातून उतरते.

इंग्लंडात कुणाचा भाचा-पुतण्या असेल तर त्याला फोन करून विचारा. तिकडे गाड्यांची सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. आधी ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती, पुढे तीन वर्षांवरच्या सगळ्यांना दरवर्षी लागू झाली. आज तिथे कुणीही कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की ती कधी पास झाली, कधी नापास झाली, कशामुळे झाली आणि त्या दिवशी मीटरवर किती आकडा होता, हे सगळं फुकट समोर येतं. मीटर मागे फिरवलं तर दोन वर्षांच्या आकड्यांत ते तिथल्या तिथे उघडं पडतं. आपल्याकडे ऐंशी हजार किलोमीटर धावलेली म्हणून विकलेली गाडी खरोखर तेवढीच धावली का, हे ताडून पाहायला खरेदीदाराजवळ सरकारी कागद कुठलाच नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात बघतो, भोवरे बघतो, घोडा चालवून बघतो, कारण त्याला वाचता येतील अशा खुणा जनावराच्या अंगावरच असतात. गाडी रंगवून, धुऊन, पॉलिश करून उभी केली की तिच्या बहुतेक खुणा पुसल्या जातात.

तरी सगळ्या पुसल्या जात नाहीत. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. विमा मात्र चालू आहे की नाही एवढंच बघून थांबू नका. पॉलिसीचा कागद मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते वाचा. क्लेम न घेता वर्षं गेली की हा बोनस २० टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो, आणि क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य होतो. तोच मालक सात वर्षं गाडी वापरतोय, फुल विमा भरतोय आणि बोनस शून्य आहे, तर गेल्या वर्षी काहीतरी घडलं आहे. काय घडलं ते त्यानेच सांगायला हवं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला प्रत्येक कामाच्या वेळी मीटरचा आकडा लिहिला जातो. मालकाला सोबत नेलं तर ती यादी मागता येते. मालक यायला टाळाटाळ करू लागला तर तेही एक उत्तरच समजा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षांची, तीस हजार धावलेली म्हणून दाखवलेली गाडी नव्या कोऱ्या टायरवर उभी असेल तर आधीचे टायर कुठे झिजले?

पुराच्या गाड्यांबद्दल खानदेशात जास्त सावध राहायला हवं. आपलीच तापी उकाईच्या पुढे जाऊन ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडवून गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा गाड्या दुरुस्त होऊन कुठे ना कुठे विकल्या जातात, आणि त्या बुडाल्या होत्या ही नोंद आरसी बुकावर येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा; गुंडाळलेल्या भागावर पाण्याची रेघ राहते. गालिचा उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा.

दिल्लीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. हरित लवादाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली, तेव्हापासून त्या एनओसी घेऊन बाहेरच्या राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. स्वस्त आहे म्हणून गाडी वाईट ठरत नाही. पण त्या भावात महाराष्ट्राचा कर, एमएच नंबर आणि पुन्हा नोंदणीची तपासणी धरलेली नसते, आणि तो खर्च घेणाऱ्याच्या अंगावर येतो.

मला सगळ्यात जास्त काळजी गॅसच्या गाड्यांची वाटते. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी जळगावात इच्छादेवी चौकाजवळ एका ओम्नीत घरगुती सिलिंडरमधून बेकायदा गॅस भरताना स्फोट झाला. भाजलेल्यांपैकी अनेकांचा पुढे उपचारादरम्यान मृत्यू झाला. जुन्या ओम्नी, व्हॅन आणि छोट्या गाड्यांत बाहेरून बसवलेलं किट आपल्याकडे नवं नाही. गाडीत किट असेल तर आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत एलपीजी किंवा सीएनजी लिहिलेलं असलंच पाहिजे. गाडीत टाकी आहे आणि आरसीवर नुसतं पेट्रोल आहे, तर ते किट आरटीओने पाहिलेलंच नाही. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी हाच रकाना बघणार. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबाखाली चाचणी करावी लागते, तिचा दाखला मागा. दाखला नसेल तर ती गाडी घेऊ नका. भाव कितीही कमी असो, मागच्या सीटवर आपली पोरं बसणार आहेत.

हे सगळं खरेदीदाराने एकट्याने धुंडाळत बसावं, हे मला मान्य नाही. उपाय फार लांबही नाही. देशातली इंधनावर चालणारी प्रत्येक गाडी वर्षातून एकदा, आणि बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीची असेल तर दर सहा महिन्यांनी, पीयूसी केंद्रावर उभी राहायला हवी असा नियम आहे. तिथला माणूस नंबरप्लेटचा फोटो काढतो, आकडे सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत जातात, आणि २०२१ पासून नापास गाडीला तसा कागद देण्याचीही तरतूद झाली आहे. त्याच वेळी मीटरचा एक फोटो घ्यायचा आणि तो आकडा दाखल्यावर छापायचा. एवढं झालं तरी मीटर मागे करण्याचा धंदा बसेल. फिटनेसला नापास झालेल्या गाडीत काय बिघाड निघाला हेही लोकांना दिसू द्यावं. टूर परमिटची पिवळ्या प्लेटची गाडी पांढरी करून विकली जाते तेव्हा तिचा मागचा सगळा तपासणीचा इतिहास आरटीओकडे असतो, फक्त घेणाऱ्याला तो कळत नाही. परिवहन खात्याने हे करावं, आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांनी ते मागावं.

विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. मालकी बदलाच्या टीटीओ फॉर्मवर सही करून, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देऊन गाडी सोडली की आपण सुटलो, असं समजू नका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. अपघाताची भरपाईही त्याच्याच माथी.

आणि गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर सौदा थोडा थांबवा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. एप्रिल २०२२ पासून खासगी चारचाकीला त्याची फी ५,००० रुपये आहे, उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये वर, शिवाय पर्यावरण कर वेगळा. हा खर्च विकणाऱ्यानेच करावा आणि गाडी त्याच्याच नावावर असताना आरटीओसमोर उभी करावी. त्याला भाव बरा मिळेल आणि तुम्हाला पुढच्या ५ वर्षांची नोंदणी. सरकार खासगी गाडी तपासतं ते मुख्यतः याच वेळी. त्या दिवशी तुम्हीही तिथे हजर राहा, आणि निरीक्षकाने काय काय दुरुस्त करायला सांगितलं ते लिहून घ्या. इसार त्यानंतर द्या.