विश्लेषण : वाघ आला नाही, की कॅमेराच बंद होता? जंगलातल्या यंत्रांच्या ‘लॉग’चे महत्त्व काय?

मोहफुले आणि तेंदूपत्ता वेचण्याच्या हंगामात पहाटे जंगलात जाणाऱ्यांवर वाघाचे हल्ले चंद्रपूर-गडचिरोलीला नवे नाहीत. आता यात तंत्रज्ञानाची मदत घेतली जात आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची ‘आभासी भिंत’ उभारण्यात आली. वाघ ओळखून वेळीच सावध करणे, हा तिचा उद्देश. अशा प्रत्येक यंत्रणेला मात्र एक प्रश्न विचारायला हवा. रात्रभर इशारा आला नाही, म्हणजे वाघ आला नाही की कॅमेराच बंद होता?

लॉग म्हणजे काय?

वनरक्षक गस्तीच्या नोंदी ठेवतो, तसे यंत्रही ठेवते. किती वाजता सुरू झाले, बॅटरी किती उरली, फोटो कधी काढला, तो पाठवताना अडचण आली का, याची एकेक ओळ फाइलमध्ये जमा होते. हाच लॉग. वाघाचा फोटो काय घडले ते सांगतो. यंत्र पाहत होते की नाही, हे लॉग सांगतो.

लॉग कलेक्टर काय करतो?

हा यंत्रातला पोस्टमन. वेगवेगळ्या फाइलमधल्या नोंदी उचलायच्या, त्यांचे गठ्ठे करायचे आणि इंटरनेटवरून क्लाउडमधल्या सर्व्हरला पोहोचवायचे, एवढेच त्याचे काम. फ्लुएंट बिट हे या कामाचे एक प्रचलित, मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते फार कमी मेमरी वापरत असल्याने छोट्या संगणकावरही चालते. कोणती फाइल वाचायची आणि माल कुठे पाठवायचा, हे काही ओळींत लिहून दिले की काम सुरू होते. शहरात एवढ्यावर भागते.

जंगलात अडते कुठे?

पहिली अडचण नेटवर्कची. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. फ्लुएंट बिट मूळ सेटिंगमध्ये नोंदी मेमरीत ठेवते आणि पाठवणे फसले तर एकदाच पुन्हा प्रयत्न करते. त्यानंतर तो गठ्ठा टाकून दिला जातो. वीज गेली तर मेमरीतलेही पुसले जाते. म्हणून नोंदी आधी मेमरी कार्डावर साठवणे आणि नेटवर्क येईपर्यंत प्रयत्न करत राहणे, या दोन सेटिंग्ज इथे बदलाव्याच लागतात. साठ्याची मर्यादाही ठरवावी लागते, कारण ती भरली की सर्वात जुन्या नोंदी आधी जातात.

दुसरी अडचण घड्याळाची. अनेक स्वस्त छोट्या संगणकांत घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसले, की वेळ चुकते. ॲमेझॉनची क्लाउडवॉच ही सेवा १४ दिवसांहून जुन्या नोंदी स्वीकारत नाही. घड्याळ मागे पडले तर आजची नोंदही ‘जुनी’ म्हणून परत येईल.

उपाय महाग आहे का?

नाही. यंत्राने दर मिनिटाला ‘चालू आहे’ अशी २०० बाइटची एक ओळ लिहिली, तर दिवसाला १,४४० ओळी होतात. तीन दिवसांचा साठा एक एमबीपेक्षाही कमी, म्हणजे मोबाइलवरच्या एखाद्या फोटोएवढा. ही ओळ ठरावीक वेळ आली नाही, तर क्लाउडने स्वतःहून वनकर्मचाऱ्याला कळवायचे. मग ‘वाघ नाही’ आणि ‘माहिती नाही’ यांतला फरक कळतो. गावाला धोका आहे तो हा फरक न कळण्यातच. इशारा नाही म्हणून निर्धास्त झालेला माणूस यंत्र नसलेल्या गावातल्या माणसापेक्षाही बेसावध असतो.

सगळे सर्वांना दाखवायचे का?

इथे सावध राहायला हवे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील पन्नाच्या एका वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यावर येत होती, ते उघडण्याचा प्रयत्न पुण्यातून झाल्याचे समोर आले होते. वाघाचे ठिकाण शिकाऱ्याच्याही कामाचे असते. त्यामुळे नोंदी कूटबद्ध करूनच पाठवाव्यात, प्रत्येक यंत्राला वेगळी किल्ली द्यावी आणि त्या किल्लीला फक्त नोंदी टाकण्याचा अधिकार असावा, वाचण्याचा नसावा. म्हणजे जंगलातून यंत्र चोरीला गेले तरी बाकीची माहिती सुरक्षित राहते.

‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्थांनीही आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपणे आणि घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. जंगलातल्या यंत्रांनाही हीच शिस्त लावायला हवी.

मग गावाला काय मिळावे?

वाघाचे नेमके ठिकाण गुप्त राहू द्यावे. कॅमेरा किती तास चालू होता, हे गुप्त ठेवण्याचे कारण नाही. यंत्रणा बसवताना निविदेत कॅमेऱ्यांची संख्या, रेंज, किंमत या बाबी असतात. त्यातच आणखी एक अट हवी : प्रत्येक यंत्र महिन्यात किती तास सुरू होते, याचा लॉगवरून काढलेला तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. यंत्र बंद पडले तर त्याच दिवशी गावाला कळले पाहिजे. ज्या गावांनी पिढ्यानपिढ्या पाऊलखुणा आणि माकडांच्या ओरडण्यावरून वाघ ओळखला, त्यांना आपण यंत्रावर भरवसा ठेवायला सांगत आहोत. त्या भरवशाचा हिशेब देणे हे यंत्रणा बसवणाऱ्यांचे काम आहे.