पेशव्यांच्या नावावर खपवलेलं पितळ

बोर्ली पंचतनच्या बाजारपेठेतून दिवेआगरकडे निघालं की वाटेत एका होमस्टेच्या पडवीत भिंतीला टांगलेला युफोनियम दिसतो. तीन पिस्टन, घासून झगझगीत केलेला भोंगा, आणि खाली लाकडी पाटी: ‘पेशवेकालीन रणवाद्य’. पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात, पोरांना इतिहास सांगतात. ही पाटी धडधडीत खोटी आहे. ती लावणाऱ्याला, त्याला ते वाद्य विकणाऱ्याला आणि तिच्यापुढे माना डोलावणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांना मी इथे जाब विचारणार आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच १८१८ साली हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल या दोघांनी प्रशियात पितळी वाद्याला व्हॉल्व्ह बसवण्याचं पेटंट घेतलं. आज आपण बँडमध्ये पाहतो त्या धाटणीचा पिस्टन पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिनेने केला, तो १८३८-३९ च्या सुमारास. तेव्हा दुसरा बाजीराव ब्रह्मावर्तास पेन्शन खात बसला होता. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव, म्हणून या टापूत जुनं काहीही दिसलं की ते पेशव्यांच्या खात्यावर टाकायची खोड लागली आहे. पेशवे नाही जमले तर जंजिऱ्याचा नवाब आहेच. हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, त्यामुळे ‘नवाबाच्या दरबारातलं’ म्हटलं की गिऱ्हाईक पुढे काही विचारत नाही. पुरावा काय, असं मी विचारलं तर विकणारा म्हणतो, “साहेब, वस्तूच बोलते.”

वस्तू बोलते हे खरंच आहे. तिचं ऐकायची तयारी मात्र कोणाची नाही. त्या पडवीतल्या युफोनियमच्या भोंग्यावर, इतकं घासूनही, तिरपा उजेड पडला की अक्षरं दिसतात: बूझी अँड हॉक्स, लंडन. बूझी आणि हॉक्स या लंडनमधल्या दोन वेगळ्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या होत्या. त्या एक झाल्या १९३० साली. म्हणजे ही जोडनावाची मोहोर ज्या वाद्यावर आहे ते १९३० च्या आधीचं असूच शकत नाही. पेशवे सोडा, व्हिक्टोरिया राणीला जाऊनही तेव्हा जवळजवळ तीस वर्षं झाली होती. पाटी रंगवणाऱ्याने एकदा मान वर करून भोंगा वाचला असता तर शंभरावर वर्षांची थाप मारायची वेळ आली नसती.

ही थाप निरुपद्रवी आहे, पर्यटनाला थोडा रंग लागतो, असं सांगणारे मला भेटतात. त्यांनी मास्तरांकडे चलावं.

मास्तर म्हणजे बोर्लीतले म्हातारे बँडमास्तर. त्यांचं नाव मी छापणार नाही, पंचक्रोशीत बहुतेकांना ते माहीत आहे. या किनाऱ्यावर शिमग्याच्या पालखीला खालूबाजा आणि लग्नाला, हळदीला ब्रास बँड, अशी वाटणी कैक वर्षं चालली. मग बेंजो आला, मग डीजे आला. २०२० मध्ये टाळेबंदीने लग्नं पन्नास माणसांवर आणली आणि त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन तालुक्यातल्या घरांची छपरं उडवली. सुपारी गेली, नारळ गेले, आणि पत्रे विकत घ्यायला पैसे हवे होते म्हणून माळ्यावरची वाद्यंही गेली. मास्तरांचे दोन युफोनियम, एक कॉर्नेट आणि एक मोठा बास असा ढीग एका फिरत्या व्यापाऱ्याने तराजूवर टाकला आणि भंगाराच्या भावाने उचलला.

“मास्तर, ते घेतले कधी होते?” मी विचारलं.

“वडलांनी घेतले. लढाई संपल्यावर मुंबईत पलटणीचा माल निघाला होता, त्यातले. बोटीनं आणले इकडे.”

“काही लिहिलेलं होतं त्याच्यावर?”

“होतं ना. एकावर बाण होता, असा.” त्यांनी बोटाने जमिनीवर फाकलेल्या बाणाची खूण काढली.

मास्तरांच्या त्या एका रेघेत इतका इतिहास होता की त्याच्यापुढे पडवीतली पाटी कचरा आहे. फाकलेला बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. तो बाण ज्या वाद्यावर आहे ते लष्कराच्या कोठारातून आलेलं आहे. पलटणीचं नाव किंवा क्रमांक सोबत असेल तर ते कोणत्या बँडमध्ये वाजलं तेही शोधता येतं. महायुद्धानंतर निकामी ठरलेला माल, मुंबईचा बाजार, किनाऱ्यावरची बोट, बोर्लीतला एक बँडवाला आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांची लग्नं, हा त्या वाद्याचा खरा प्रवास आहे. व्यापाऱ्याने तो पुसला. मास्तरांना किलोचे पैसे दिले, आणि स्वतः ‘नवाबी’ म्हणून नगावर विकलं. ज्या माणसाने आयुष्यभर फुंकून ते वाद्य जिवंत ठेवलं त्याचं नाव त्यातून गाळलं, आणि ज्या पेशव्याने ते कधी पाहिलं नाही त्याचं घातलं. थाप निरुपद्रवी आहे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आणि ही गाळणी आंधळी नाही. वाजंत्री करणारी माणसं आपल्याकडे कोणत्या जातींतली होती, त्यांना मांडवात कुठे बसवलं जात होतं आणि जेवायला केव्हा वाढलं जात होतं, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून त्यांच्या हातातल्या वस्तूला किंमत यायची तर ती त्यांच्या हातातून काढून राजाच्या हातात द्यावी लागते. पितळ तेच राहतं, मालक बदलतो. ‘वारसा’ म्हणून मिरवणाऱ्यांनी याची लाज बाळगावी.

आता वाचायचं कसं ते सांगतो, कारण ‘आम्हाला कुठे कळतं’ ही सबब मला कोणाकडेही शिल्लक ठेवायची नाही. सगळ्यात आधी भोंग्यावरचं कोरीव. कंपनीचं नाव, पत्ता, मिळालेल्या पदकांची यादी. पत्ता फार कामाचा, कारण कंपन्या जागा बदलत. जुन्या ‘बेसन’ कंपनीच्या वाद्यांवर लंडनचा १९८, यूस्टन रोड हा पत्ता सापडतो, बूझीवर २९५, रीजंट स्ट्रीट, हॉक्सवर डेनमन स्ट्रीट. पदकांच्या यादीत शेवटचं साल जे असेल त्याच्या आधीचं ते वाद्य असणं शक्य नाही. नंतरचं किती, ते पुढच्या खुणांनी ठरतं. बेसनची लंडनची कंपनी १९४८ मध्ये बूझी अँड हॉक्सकडे गेली, तरी बेसन हे नाव पुढेही चालूच राहिलं. म्हणून नुसतं ‘बेसन’ वाचून शंभर वर्षं जुनं म्हणणाराही तितकाच बेजबाबदार. दुकानदाराचा शिक्का दिसला तर तो बनवणाऱ्याचा समजू नये. मुंबईच्या दुकानांतून परदेशी वाद्यं विकली जात आणि धोबी तलावच्या फुर्टाडोजसारखं दुकान १८६५ पासूनचं आहे. शिक्का मुंबईचा असला तरी वाद्य मुंबईत बनलेलं नसतं.

मग क्रमांक. बहुतेक वेळा तो पिस्टनच्या नळकांड्यावर ठोकलेला असतो, बारीक, बोट फिरवलं तर डोळ्यांआधी बोटाला कळतो. या क्रमांकाइतकं मोलाचं वाद्यावर दुसरं काही नाही. बूझी अँड हॉक्सचा वाद्यसंग्रह आणि कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या २००४ पासून लंडनच्या हॉर्निमन म्युझियमकडे आहेत. क्रमांक शाबूत असेल तर वर्ष अंदाजाने सांगावं लागत नाही, नोंदीशी ताडून बघता येतं.

पिस्टनही बघावेत. ज्या जुन्या कॉर्नेटमध्ये पिस्टनच्या बुडातूनच नळी बाहेर निघते ती श्टोल्त्सेलची धाटणी, एकोणिसाव्या शतकातली. तशी एखादी या किनाऱ्यावर निघालीच तर तिला कोणी हात लावू नये, फक्त मला बोलवावं. चौथा पिस्टन आणि पिस्टनांच्या पाठीमागे जादा नळ्यांची गुंतवळ दिसली तर ती बूझीच्या डेव्हिड ब्लेकलीची १८७४ ची युक्ती: खालचे सूर खरे लागावेत म्हणून हवा दुसऱ्यांदा फिरवायची. ‘इम्पीरियल’, ‘रीजंट’, ‘न्यू स्टँडर्ड’ अशी मॉडेलची नावं कोरलेली असतील तर तीही उतरवून घ्यावीत.

आणि सूर. मास्तरांच्या बँडमध्ये शेवटी शेवटी एक पोरगा कीबोर्ड घेऊन आला तेव्हा त्याचं आणि युफोनियमचं जमेना. पोरगा म्हणे वाद्य बिघडलंय. वाद्य ठणठणीत होतं. इंग्लंडमधले जुने बँड चढ्या सुरात वाजत, ‘ए’ सेकंदाला ४५२.५ कंपनांच्या आसपास. आजचा ४४० चा सूर १९३९ च्या लंडन परिषदेत ठरला. फरक जवळजवळ पाव स्वराचा. ब्रिटिश लष्कराने विसाच्या दशकाच्या अखेरीला चढा सूर सोडला, तिथल्या ब्रास बँडांनी थेट साठच्या दशकात. म्हणजे वाद्याचा मूळ सूर हीसुद्धा सालाची खूण आहे, आणि सूर उतरवायला स्लाइडची नळी लांब करून झाळलेली असेल तर तो जोड म्हणजे त्या वाद्याच्या दुसऱ्या आयुष्याची नोंद आहे. आपले लोक या जोडाला ‘डिफेक्ट’ म्हणतात आणि भाव पाडतात.

याहून संतापजनक प्रकार मेरठच्या वाद्यांचा. मेरठच्या जली कोठीत पितळी वाद्यं बनतात. तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची. हिंदुस्थानातल्या लग्नाच्या बँडांचा कणा हाच माल आहे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वरातींत जे वाजलं त्यातलं बरंचसं मेरठचं. पण व्यापाऱ्याला मेरठ नको असतं, त्याला लंडन हवं असतं. मेरठची मोहोर ग्राइंडरने उडवून तिथे गुळगुळीत केलेला भोंगा मी स्वतः हातात घेतला आहे. आपल्याच कारागिराचं नाव खरवडून काढायचं आणि परक्याच्या खोट्या नावाने भाव घ्यायचा, याला मी चोरी म्हणतो. मेरठचं वाद्य कमअस्सल नाही. आपल्या गल्लीबोळांतून चाललेल्या संगीताच्या इतिहासात त्याचं स्थान एखाद्या लंडनच्या युफोनियमपेक्षा मोठं आहे, कारण ते इथल्या माणसाला परवडलं, इथे दुरुस्त झालं आणि इथल्या गाण्यांसाठी फुंकलं गेलं.

खरवडण्याचा दुसरा, सभ्य प्रकार म्हणजे बफिंग. होमस्टेवाला पॉलिशवाल्याकडे वाद्य देतो, ते चकचकीत होऊन येतं, आणि कोरीव अक्षरांच्या कडा, ठोकलेला क्रमांक, पलटणीचा बाण, सगळं त्या चाकाखाली जातं. पितळावरचा काळपट थर काही नुकसान करत नाही. चिंच-मिठाने घासणंही दरवर्षी थोडं थोडं अक्षर खातंच. मऊ फडक्याने धूळ पुसावी, बस्स. चकाकी हवी असेल तर नवी समई घ्या.

आपल्या जिल्ह्याला हे शिकवायला लागावं याचं मला फार वाईट वाटतं. बोर्लीपासून हाकेच्या अंतरावर दिवेआगरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, मराठी ताम्रपट सापडला. अलिबागजवळ आक्षीच्या शिलालेखाचं साल वाचण्यावरून मतभेद झाले होते. शं. गो. तुळपुळ्यांनी अंक पुन्हा तपासले आणि शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं ठरवलं. एवढ्याशा अंकांसाठी विद्वानांनी डोळे फोडले, कारण तारीख ही अंदाजाने सांगायची गोष्ट नाही, हे त्यांना कळत होतं. त्याच रायगडात आज कोणीही उठतो आणि पितळाच्या नळीवर दोनशे वर्षं चढवतो. दगड-तांब्यावरची अक्षरं वाचणाऱ्यांना आपण मान देतो, तर बँडवाल्याच्या भोंग्यावरची अक्षरं वाचायला आपल्याला कमीपणा का वाटावा? मी एका संग्रहालयात ‘पितळी वाद्य, ब्रिटिशकालीन’ एवढीच चिठ्ठी लावलेला बास पाहिला. क्रमांक त्याच्यावर स्वच्छ दिसत होता. संग्रहालयाच्या नोंदवहीत तो उतरवलेला नव्हता. सरकारी पगार घेऊन एवढंही होत नसेल तर त्या कपाटाला काच कशाला लावायची?

जुनी वाद्यं विकू नयेत, असं मी म्हणत नाही. मास्तरांना पत्रे घ्यायचे होते, ते बरोबरच होतं. पण विकणाऱ्याला भंगाराचा भाव आणि दलालाला वारशाचा, हे बंद व्हायचं तर विकणाऱ्याच्या हातात माहिती हवी. ज्यांच्या घरी, देवळाच्या माळ्यावर किंवा मंडळाच्या खोलीत असं एखादं वाद्य पडलं असेल त्यांना माझी विनंती आहे. भोंग्यावरची सगळी अक्षरं आणि पिस्टनवरचा क्रमांक आजच वहीत उतरवा, तिरप्या उजेडात फोटो काढा, आणि त्याच पानावर ते कोणी विकत घेतलं, कोणी वाजवलं, कोणत्या लग्नांत वाजलं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा. नंतर विकायचं तर खुशाल विका, पण ते पान सोबत देऊन आणि त्याचे पैसे लावून. आणि बोर्ली-दिवेआगरच्या होमस्टेवाल्यांनो, ‘पेशवेकालीन’ची पाटी काढा, आणि ज्याच्याकडून ते आलं त्या बँडवाल्याचं नाव तिथे लिहा. ते तुम्हाला माहीत नसेल, तर ज्या व्यापाऱ्याने वाद्य विकलं त्याला विचारा. त्याला माहीत आहे.