आकडे वाचणारा समाज

देशाच्या अर्थव्यवस्थेचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक नगारे वाजविणाऱ्यांचा आणि दुसरा ऊर बडविणाऱ्यांचा. दोघांच्याही हाती आकडा तोच असतो. त्या आकड्याचा अर्थ काय, हे विचारणारा नागरिक मात्र विरळा. या अनास्थेची किंमत हिंदू समाजाने मोजलेली आहे. स्वातंत्र्यानंतरची तीन दशके विकासाचा दर सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहिला. अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी १९७०च्या दशकात त्याला ‘हिंदू विकासदर’ म्हटले आणि ते नाव जगभर रुजले. परवाने, कोटा आणि नियंत्रणे यांचे धोरण दिल्लीतील नियोजनकारांचे, कलंक मात्र हिंदूंच्या माथी! पुढे १९८०च्या दशकात नियंत्रणे सैल होऊ लागली, १९९१ नंतर त्यांतील बरीचशी उठली. समाज तोच राहिला, दर मात्र वाढला. दोष कोणाचा होता, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते? त्या शब्दाने आपण संतापलो खरे. पण आकडे मांडून त्याचे खंडन करू शकणारे आपल्यात किती होते?

म्हणून आरंभ अगदी मुळापासून करावयास हवा. देशाच्या सीमांच्या आत एका वर्षात तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांचे एकूण मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. २०२५च्या सुमारास भारत आणि जपान या दोघांचेही हे उत्पादन चार लाख कोटी डॉलरांच्या घरात होते. दोनशे वर्षे लुटल्या गेलेल्या देशाने ही मजल मारली, याचा अभिमान बाळगण्यात गैर काहीच नाही. परंतु तीच रक्कम जपानमध्ये बारा कोटींत वाटली जाते आणि आपल्याकडे एकशे चाळीस कोटींत. भागाकार केला की जपानी माणसाच्या वाट्याला सुमारे ३३ हजार डॉलर येतात, भारतीयाच्या वाट्याला तीन हजारही नाहीत. पहिला आकडा राष्ट्राचे बळ सांगतो, दुसरा घराघरातील स्थिती. एक सांगून दुसरा लपविणे ही अर्धी लबाडीच होय, मग ती कोणीही करो.

दुसरा भेद देशांतर्गत आणि राष्ट्रीय या दोन शब्दांतला. परदेशी कंपनीने येथे उभारलेल्या कारखान्याचे उत्पादन देशांतर्गत हिशेबात धरले जाते. पण तिचा नफा परदेशातील मालकाचा असल्याने तो राष्ट्रीय उत्पन्नातून वजा होतो. आज हा फरक फार मोठा नाही आणि बाहेरचे भांडवल रोजगारही निर्माण करते, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. तथापि स्वदेशीचा आग्रह म्हणजे भाबडी भावना नव्हे; संपत्ती कोठे निर्माण होते आणि अखेर कोणाच्या पदरी पडते, हा शुद्ध हिशेबाचा प्रश्न आहे. तो मांडला गणिताचे प्राध्यापक असलेल्या दादाभाई नौरोजी यांनी. ब्रिटिश हिंदुस्थानातील माणशी वार्षिक उत्पन्न जेमतेम २० रुपये असल्याचे त्यांनी काढले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार याहून अधिक खर्च करते, हे साम्राज्याच्या तोंडावर सांगितले. त्यांचे शस्त्र घोषणा नव्हती, सरकारचीच आकडेवारी होती.

सरासरीच्या पोटातही बरेच काही दडलेले असते. आपल्या उत्पादनात शेतीचा वाटा सुमारे १८ टक्के. पण २०२३-२४च्या श्रमबल पाहणीनुसार काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोक शेतीवरच अवलंबून आहेत. हिशेब मांडला तर शेतीत राबणारा एक माणूस, बाहेरच्या माणसाच्या साधारण चौथा हिस्साच मूल्य निर्माण करताना दिसतो. तो आळशी आहे म्हणून नव्हे; त्याच्या मुलांसाठी गावाजवळ कारखाने आणि उद्योग उभे राहिले नाहीत म्हणून. आणि ज्या मातेच्या श्रमावर कुटुंबसंस्था उभी आहे, तिचे घरकाम तर या हिशेबात येतच नाही. २०१९च्या सरकारी वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर त्यात हातभार लावणारे पुरुष ९७ मिनिटे. कुटुंबाला समाजाचा पाया मानणाऱ्यांनी तरी हा न मोजलेला श्रम विसरता कामा नये.

हिशेबाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे १९९१ने दाखवून दिले. त्याआधीच्या दशकात विकासाचा दर सुधारला होता; पण सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा वेगाने वाढत होता आणि तफावत कर्जाने भरली जात होती. वर्षाच्या या तफावतीला वित्तीय तूट म्हणतात. तीच साचत जाऊन सार्वजनिक कर्जाचा डोंगर होतो. त्यात १९९०मध्ये आखातात संकट उद्भवले आणि तेल भडकले. परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले आणि जुलै १९९१मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. घरातले सोने गहाण टाकताना गृहिणीच्या मनाला काय यातना होतात, हे आपण जाणतो. तो प्रसंग राष्ट्रावर आला होता.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५मध्ये मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. अर्थनीतीची कसोटी रांगेतील शेवटच्या माणसाचे जीवन हीच, असा त्यांचा आग्रह होता. मात्र ही कसोटी लावावयाची तर आकडे वाचता आले पाहिजेत. यापुढे अर्थसंकल्प सादर झाल्यावर काय स्वस्त, काय महाग एवढ्यावरच न थांबता शाळेत, महिला मंडळात, बचत गटात आणि आपल्या बैठकांत चार साधे प्रश्न विचारले जावेत : एकूण किती, माणशी किती, कोणाच्या हाती आणि कोणाच्या कर्जावर? सत्तेवर आपल्या विचारांचे लोक असतील तेव्हा तर हे प्रश्न अधिक निष्ठेने विचारावेत. परमवैभवाचे स्वप्न पाहणाऱ्या समाजाला आपल्या घराची जमाखर्चाची वही वाचता येऊ नये, हे शोभणारे नाही.