हेल्मेट पुसताना पदार्थविज्ञान विसरू नका

१ जून २०२१ पासून आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह नसलेले दुचाकीस्वाराचे हेल्मेट बनवता किंवा विकता येत नाही. निर्णय योग्यच आहे. परंतु ‘आयएस ४१५१’ या मानकानुसार चाचणी होते ती नव्या हेल्मेटची. प्रत्यक्ष अपघाताच्या क्षणी डोक्यावर असते ते काही वर्षे उन्हात तापलेले आणि हाताला येईल त्या द्रवाने पुसलेले हेल्मेट. या दोन वस्तूंना एकच मानणे ही धोरणातली उणीव आहे, असे माझे मत आहे.

मी राहतो त्या आवडीत, चेन्नईच्या या रणगाड्यांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या उपनगरात, मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास असतो. रेल्वे स्थानकाबाहेर दुचाकींच्या रांगा दिवसभर उन्हात उभ्या असतात आणि आरशांना अडकवलेली हेल्मेटही त्यांच्यासोबत तापतात. साखळी पुसलेल्या पेट्रोलच्या फडक्यानेच हेल्मेटवरचा डाग काढणे ही तर देशभरातली सवय!

हेल्मेटचे कवच बहुधा एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचे असते. पहिले सुमारे १०५ आणि दुसरे सुमारे १४७ अंश सेल्सियसला मऊ पडू लागते. म्हणजे उन्हाने कवच वितळत नाही. धोका वेगळा आहे. या बहुवारिकांत लांब रेणुसाखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि साच्यातून निघतानाच त्यांत थोडा ताण गोठून राहतो. द्रावकाचे रेणू साखळ्यांच्या मधे शिरले की त्यांची परस्परांवरची पकड सैल होते आणि साठलेला ताण सूक्ष्म भेगांच्या रूपाने मोकळा होतो. त्या भेगा रंगाखाली दिसतही नाहीत. आतले अस्तर तर थर्माकोलच्याच जातीचे, पॉलिस्टायरीनचे. ॲसिटोनयुक्त नेलपॉलिश रिमूव्हरचे थेंब थर्माकोलच्या तुकड्यावर टाकून पाहा, तो डोळ्यांदेखत खचतो. डोक्यावरचा आघात शोषायचा तो याच फेसाने.

द्रावक पृष्ठभागावरच थांबत नाही, याचे बोलके उदाहरण क्रीडाविश्वात आहे. १९७३ मध्ये डॉन मॅकून या अमेरिकी व्यावसायिक बोलिंगपटूने आपला पॉलिएस्टरचा चेंडू तीव्र द्रावकात भिजवला. कवच मऊ झाले, मार्गिकेवरची पकड वाढली आणि त्या वर्षी त्याने सहा विजेतेपदे मिळवली. पुढे चेंडूच्या किमान कठीणपणाचा नियमच करावा लागला. आजचे पॉलियुरेथेनचे चेंडू मार्गिकेवरचे तेल शोषतात. ते काढण्यासाठी कोमट पाणी चालते, पण अति उष्णता दिली की कवच आणि गाभा असमान प्रसरण पावतात व चेंडूला तडा जातो. एका खेळाने आपल्या चेंडूसाठी घेतलेली ही काळजी आपण डोक्यासाठी घेत नाही.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरचे होते. यातले बहुतेक मृत्यू पेट्रोलच्या फडक्यामुळे झाले, असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. वेग आणि हेल्मेटच न घालणे ही मोठी कारणे आहेतच. परंतु जो नियम पाळून हेल्मेट घालतो, त्याला त्याचे पूर्ण संरक्षण मिळायला नको का?

‘सूचना तर आत छापलेली असते,’ असे कोणी म्हणेल. असते, बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत. कवचाचे बहुवारिक कोणते, ते कशाने पुसावे आणि कशाने पुसू नये, हे ठळकपणे व प्रादेशिक भाषांत छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे. खर्च नगण्य आहे. पाठ्यपुस्तकांनीही बहुवारिकांची नावे आणि समीकरणे पाठ करून घेण्यापलीकडे जावे. उष्णता आणि द्रावक यांपुढे ती कशी वागतात, हे शिकवावे.

विद्यार्थिमित्रांनो, आज घरातले हेल्मेट उलटे करून आतली पट्टी वाचा. सौम्य साबण, साधे पाणी आणि सावलीत वाळवणे एवढेच पुरेसे आहे, हे घरच्यांना कारणासह समजावून सांगा.