बेळगावात कोणती भाषा बोलायची?

दिवाळीच्या सुट्टीत गाडीने घाट बघायला जायचं ठरलं तेव्हा घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघाला नाही. सातवीतल्या माझ्या मुलीने विचारलं, "अब्बू, बेळगावात कोणती भाषा बोलायची?" मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. तरी मला चटकन उत्तर देता आलं नाही.

बेत साधा आहे. भांडुपहून पुणे, कोल्हापूर, निपाणीमार्गे बेळगाव. तिथून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्यात उतरायचं. मग पत्रादेवीहून बांद्याला, सावंतवाडीवरून आंबोलीचा घाट चढून आजरा, गडहिंग्लज आणि परत कोल्हापूर. पाच दिवस, तीन राज्यं. एक घाट उतरायचा, एक चढायचा.

बेत नातेवाइकांच्या कानावर गेला आणि फोन सुरू झाले. मेहुणे म्हणाले, बेळगावात मराठी बोलू नका. चुलतभाऊ म्हणाला, वाटेत कुठे उर्दू बोलू नका. शेजारचे काका म्हणाले, एमएच पासिंगची गाडी आहे, जपून. अम्मी म्हणाली, हॉटेलात एकमेकांना नावाने हाका मारू नका. सगळ्यांचं ऐकायचं तर पाच दिवस मुक्यानेच हिंडावं लागेल.

ही भीती हवेतली नाही. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्न पेटला तेव्हा आणि पुन्हा फेब्रुवारी 2025 मध्ये दोन्ही राज्यांमधल्या एसटी गाड्या बंद पडल्या. दुसऱ्या वेळी कारण होतं बेळगावात एका कंडक्टरला झालेली मारहाण. भांडण भाषेवरून झालं होतं. त्यानंतर तिकडे चित्रदुर्गला आपल्या एसटीच्या चालकाला काळं फासलं गेलं. एक तिकडे, एक इकडे, दोघेही पगारावर गाडी चालवणारे. दोघांनीही सीमा आखली नव्हती.

सीमा आखली गेली 1956 साली, 1 नोव्हेंबरला. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. 1967 मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, तो महाराष्ट्राने मानला नाही. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. 865 गावांचा हा प्रश्न आहे. 1 नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे मराठी लोक काळा दिन पाळतात. खरं सांगतो, बेत आखताना मीही कॅलेंडर पाहिलं आणि त्या दिवशी आपण बेळगावात नसू असंच जमवलं. लेकरं बरोबर असताना बहादुरी दाखवायची नसते.

पण तारीख टाळणं वेगळं आणि जागा टाळणं वेगळं.

सीमाभागातल्या मराठी माणसाचं दुखणं खरं आहे. आपल्या भाषेतली शाळा, आपल्या भाषेतला सरकारी कागद, दुकानावर आपली अक्षरं, एवढंच तो मागतो. मला ते लवकर कळतं, कारण उर्दूचा शिक्षक म्हणून मी इथे नेमकं तेच मागत आलोय. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू लिहिलं होतं, त्यावर खटला झाला. एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पाटी राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्पष्ट केलं. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर त्या दिवशी अभिनंदनाचा पाऊस पडला.

त्याच ग्रुपवर मी लिहिलं की पातूरची उर्दू जर हक्काची, तर बेळगावची मराठीही हक्काची आणि जत, अक्कलकोटची कन्नडही हक्काची. यावर फारसं कुणी बोललं नाही. आपल्याला न्याय आपल्या भाषेपुरताच आठवतो. कर्नाटकाने 2024 मध्ये दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीची केली, तर आपल्याकडे अन्याय म्हणून ओरड झाली. आपण मराठी पाट्यांची सक्ती केली तेव्हा ती अस्मिता होती. राज्याची भाषा पाटीवर ठळक असावी, यात मला काही गैर वाटत नाही. गैर आहे ते तिच्याखालची दुसरी ओळ खोडणं.

आता डोंगराकडे वळू, कारण निघालोय ते डोंगरासाठी. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. तिथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तीही पूर्वेला जाते. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते. या पाण्यावरूनही राज्यं भांडतात. 2010 मध्ये म्हादईसाठी लवाद नेमला गेला, 2018 मध्ये त्याचा निवाडा आला, तरी तंटा मिटलेला नाही. पण तिलारीचं धरण महाराष्ट्र आणि गोव्याने मिळूनच बांधलं, हेही मुलांना सांगायला हवं. शेजाऱ्यांना जमतं, कधी कधी.

आणखी एक गोष्ट मला बेत आखताना लक्षात आली. बेळगावच्या किल्ल्यात साफा मशीद आहे आणि घाट उतरून गेल्यावर गोव्यात फोंड्यालाही साफा मशीद आहे. दोन्ही आदिलशाही काळातल्या. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे त्याहून जुनं जैन मंदिरही आहे. एकेकाळी घाटाच्या वर आणि खाली एकच राज्य होतं. आज त्या दोन मशिदींच्या मध्ये राज्याची हद्द आहे. हे सगळं आपल्या मुलांनी पाहिलेलं नाही, कारण आपण प्रवासच करत नाही. आपला प्रवास म्हणजे लग्न, मय्यत, किंवा एखाद्या दर्ग्याचा उरूस. नुसता डोंगर बघायला कोण जातं?

भांडुपच्या खिंडीपाड्याकडे माझे कितीतरी विद्यार्थी डोंगराच्या उतारावर राहतात. त्यांच्यासाठी डोंगर म्हणजे जूनमध्ये येणारी पालिकेची नोटीस, दरड कोसळू शकते, घर खाली करा. डोंगर सुंदरही असतो, हे त्यांना पुस्तकातल्या चित्रावरून मानावं लागतं.

आणि भीती आपल्याला घरी बसवते. काही वर्षांपूर्वी, आपल्याच राज्यात, एका लॉजवर रजिस्टरमध्ये नाव वाचून "खोली शिल्लक नाही" असं आम्हाला सांगण्यात आलं. पाच मिनिटांपूर्वी होती. तिथे सीमा नव्हती, भाषाही एकच होती. मी अस्खलित मराठीत बोललो होतो. तेव्हापासून मी खोली आधीच, पूर्ण नावाने घेतो. नाही म्हणायचं तर त्याने फोनवरच म्हणावं, लेकरांसमोर नको.

तुम्हीही निघणार असाल तर काही साध्या गोष्टी सांगतो. पावसाळ्यात या घाटांत धुकं आणि दरडींचा भरवसा नसतो, ऑक्टोबरनंतर जा. घाट दिवसाउजेडी पार करा. गाडी भाड्याची असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते विचारून घ्या. नमाजची काळजी करू नका, प्रवासात चार रकातांच्या दोन होतात. डोंगरात जागाही पुष्कळ आहे. गाडीत एक चटई ठेवा.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी दोन दिवसांनी दिलं. म्हटलं, आपण मराठीतच सुरुवात करायची. समोरच्याला कळलं नाही तर उर्दू-हिंदी. आणि त्याच्या भाषेतले दोन-चार शब्द आपल्याकडे असायलाच हवेत, कारण पाहुणे आपण आहोत. तिने वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत यादी केली: नमस्कारा, नीरु म्हणजे पाणी, ऊटा आयता म्हणजे जेवण झालं का. गोव्यासाठी, देव बरें करूं.

मग तिने मान वर करून विचारलं, "आणि त्यांनी आपलं नाव विचारलं तर?"

"नाव विचारलं तर नाव सांगायचं," मी म्हटलं. "पूर्ण."