लांबचा नेम जवळच शिकावा लागतो

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली.

२०२४ मध्ये पदक मिळालं तेव्हा स्वप्नीलचे वडील शिक्षक आणि आई गावच्या सरपंच होत्या. घर तुमच्या-आमच्यासारखंच. त्यामुळे खेड्यापाड्यांतही नेमबाजीचं बोलणं सुरू झालं, ही चांगली गोष्ट आहे. मात्र शेतकरी बैठकांच्या निमित्ताने फिरताना पारावर किंवा कृषी सेवा केंद्रावर कानावर येतं ते असं : ‘पिस्तूल घ्यायचं, नदीकाठी दगड मांडायचा अन् पन्नास पावलांवरून उडवायचा. जवळून कोणीबी मारतो, लांबून मारला तर खरा नेमबाज.’ एखादे सरपंच म्हणतात, ‘रेंज काढायची तर पन्नास मीटरचीच काढू. दहा मीटर म्हणजे पोरखेळ.’

माझं मत याच्या अगदी उलट आहे. पिस्तुलाचा लांब पल्ल्याचा नेम दहा मीटरवरच तयार होतो. गावाला परवडणारी, कायद्यात बसणारी आणि माणसांच्या जिवाला धोका नसणारी जागाही तीच आहे. ग्रामपंचायतीने ठराव घेण्याआधी आणि बापाने पोराच्या हट्टापायी खिशात हात घालण्याआधी हा विषय नीट समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

तिफणीचं तास आणि पिस्तुलाची माशी

पेरणीला तिफण धरताना काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. धुऱ्यावरून निघताना तिफण जराशी तिरपी लागली तर पहिल्या दहा पावलांत काही कळत नाही. शेताच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तास हातभर सरकलेलं असतं आणि पुढं कोळपणीला रोपं कोळप्याखाली येतात. चूक सुरुवातीलाच झालेली असते. शेताच्या लांबीने ती फक्त उघडी पडते.

पिस्तुलाचं गणितही तंतोतंत असंच आहे. नळीच्या पुढच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच. दोन्हींमधलं अंतर साधारण २० सें.मी. धरू. नेम धरताना माशी खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. ती फक्त १ मि.मी. बाजूला गेली, तर १० मीटरवर गोळी ५ सें.मी. बाजूला जाते. तीच चूक २५ मीटरवर साडेबारा सें.मी.ची होते आणि ५० मीटरवर २५ सें.मी.ची, म्हणजे वीतभराहून जास्त. स्पर्धेतल्या ५० मीटरच्या लक्ष्याचं शेवटचं वर्तुळ मध्यापासून बरोबर २५ सें.मी.वर असतं. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने गोळी लक्ष्याच्या काठावर गेली!

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. माशी आणि खाच एका रेषेत राहिली आणि अख्खा हातच १ मि.मी. सरकला, तर गोळीही तेवढीच, १ मि.मी. सरकते, मग पल्ला कितीही असो. हात थोडाफार सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिक खेळणाऱ्यांचाही. म्हणून जाणता शिक्षक पोराला पहिल्या दिवशी सांगतो : लक्ष्याकडे टक लावू नकोस, माशीकडे बघ. माशी स्वच्छ दिसावी आणि लांबचं काळं वर्तुळ थोडं धूसर दिसलं तरी चालेल. नवखा माणूस याच्या उलट करतो. पल्ला वाढला की तो आणखी डोळे ताणून लक्ष्याकडे बघतो आणि माशी सुटते.

तिसरी गोष्ट चापाची. हवेच्या पिस्तुलाचा चाप निदान ५०० ग्रॅम आणि २५ मीटरच्या पिस्तुलाचा १००० ग्रॅम वजन पेलला पाहिजे, असा स्पर्धेचा नियम आहे. एवढा दाब बोटाने हळूहळू, सरळ मागे द्यायचा असतो. झटका दिला की शेवटच्या क्षणी माशी खाली जाते. हे सगळं दहा मीटरवरच शिकायचं असतं. लांब जाऊन त्यातलं काहीच सोपं होत नाही.

दहा मीटर हा पोरखेळ नव्हे

आता ‘पोरखेळ’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. ५० मीटर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मि.मी. व्यासाचं असतं. हवेच्या पिस्तुलाच्या १० मीटरच्या लक्ष्यावर ते फक्त साडेअकरा मि.मी.चं, करंगळीच्या नखाएवढं. पल्ला पाचपट केला तर साडेअकराचे साडेसत्तावन्न होतात. म्हणजे १० मीटरवर दहा गुण घेणं आणि ५० मीटरवर दहा गुण घेणं, यांत लागणारा बारकावा जवळपास सारखाच. २५ मीटरच्या अचूक नेमाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ तेवढंच, ५० मि.मी.चं असतं. या हिशेबाने तिथला बारकावा १० मीटरपेक्षा कमीच लागतो. ज्याचा हात दहा मीटरवर बसला, त्याचा लांब पल्ल्याचा निम्म्याहून जास्त अभ्यास झाला.

मग लांब गेल्यावर नवीन काय येतं? पहिलं म्हणजे गोळीची घसरण. सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेग असलेली .२२ ची गोळी २५ मीटरवर जाईपर्यंत ३ सें.मी.च्या जवळपास खाली येते आणि ५० मीटरवर १३ सें.मी.च्या आसपास. पल्ला दुप्पट झाला की घसरण चौपट होते. म्हणून पल्ला बदलला की मागच्या खाचेचा स्क्रू फिरवून नेम पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे वारा आणि ऊन. तिसरं म्हणजे गोळी सुटतानाचा धक्का, आणि चौथं म्हणजे वेळ. महिलांच्या २५ मीटर स्पर्धेत ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० शांतपणे, पाच-पाचच्या फेरीला ५ मिनिटं. पुढच्या ३० ला मात्र लक्ष्य ३ सेकंदच मिळतं. खाली धरलेला हात उचलायचा, माशी जुळवायची आणि एकच गोळी सोडायची. मग ७ सेकंद थांबून पुन्हा तेच.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१३ मध्ये चांगवोनच्या विश्वचषकात सुवर्णपदक घेतलं आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. हरियाणातल्या खेड्यातली मनू भाकर हिला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं मिळाली ती १० मीटरवरच. २५ मीटरवर ती चौथी आली. ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. या खेळाला अंगातल्या ताकदीपेक्षा शिस्त जास्त लागते.

एक माहिती ठराव करणाऱ्यांसाठी. ५० मीटर पिस्तूल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये शेवटचा खेळला गेला तो २०१६ च्या रिओत. त्यानंतर तो ऑलिंपिकमधून वगळला गेला. स्वप्नीलचं पदक ५० मीटरचं असलं तरी ते रायफलचं. पिस्तुलासाठी ऑलिंपिकचे पल्ले आता दोनच, १० आणि २५ मीटर.

एका दाण्यावरून उगवण ठरत नाही

सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी आपण शंभर दाणे मोजून उगवण तपासतो. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं चांगलं. एक दाणा जोमात उगवला म्हणून कोणी पोतंभर पेरत नाही. नेमबाजीतही तसंच आहे. एक गोळी मधोमध लागली याला काही अर्थ नाही. दहा गोळ्या मारा आणि त्या किती जागेत पडल्या ते बघा. दहाच्या दहा एका कोपऱ्यात पण जवळजवळ पडल्या असतील तर पोरगं चांगलं आहे, फक्त खाच जुळवायची राहिली. सगळीकडे विखुरल्या असतील तर हात, डोळा किंवा चाप यांत खोट आहे. अशा वेळी पल्ला वाढवायचा नाही.

सरावाचा क्रम साधा आहे. पहिले काही आठवडे गोळीच नको. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर रिकामं पिस्तूल धरून माशी जुळवायची आणि चाप दाबायचा. माशी न हलता चाप सुटला की झालं. यात पैसाही जात नाही. मग १० मीटर. रोजच्या दहा-दहाच्या फेऱ्या वहीत तारखेसह लिहायच्या, जशी पिकाची नोंद ठेवतो तशी. महिनोन्‌महिने झुबका आवळत आला, की मग २५ मीटर. तिथेही सुरुवात सावकाश नेमाने करायची, ३ सेकंदांची घाई नंतर. लांबवर गुण पडायला लागले की आठवडाभर परत १० मीटरवर यायचं. स्वप्नील २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि पदक आलं २०२४ मध्ये. पंधरा वर्षं! फळबाग लावणाऱ्याला हा हिशेब कळेल.

नदीकाठ ही रेंज नव्हे

आता कायद्याचं आणि जिवाचं. .२२ ची लहानशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपला मुलूख सपाट. गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठाने शेतं लागून आहेत. कापसाच्या आड निंदणाऱ्या बाया असतात, बांधावर गुराखी असतो. दगडावर आपटलेली गोळी कुठं वळेल ते कोणी सांगू शकत नाही. २५ मीटरच्या रेंजला मागे गोळी अडवणारी भक्कम भिंत, बाजूच्या भिंती आणि सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी लागते. बांध किंवा पाझर तलावाची भिंत म्हणजे रेंज नव्हे.

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे .२२ च्या पिस्तुलाला परवाना लागतो. विनापरवाना बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षांची कैद आहे. लग्नात, वरातीत बार उडवून कोणाचा जीव धोक्यात घातला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाईलवर गावठी कट्ट्यासह फोटो टाकणाऱ्या पोरांच्या बापांनी हे आकडे पाठ करावेत. अशा एका फोटोपायी पोराची नोकरी जाते, आणि नेमबाजीचा परवानाही त्याला पुढं मिळणं अवघड होतं.

डुकरं आणि रोही पीक उद्ध्वस्त करतात, हे दुःख मी रोज ऐकतो. पण पीक संरक्षणासाठी कायद्यात जी तरतूद आहे ती ठासणीच्या लांब बंदुकीची. पिस्तुलाचा तिच्याशी संबंध नाही, आणि वन्यप्राणी मारायला वन खात्याची परवानगी लागतेच. खेळाच्या नावाखाली पिस्तूल आणि पिकाच्या नावाखाली शिकार, ही गल्लत करू नका.

हवेच्या पिस्तुलाचं तसं नाही. ४.५ मि.मी. नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या शस्त्राला शस्त्र नियम २०१६ नुसार परवाना लागत नाही. तरीही ते खेळणं नाही. छर्रा डोळा फोडू शकतो. नळी कायम लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर आणि लक्ष्याकडे जायचं असेल तेव्हा सगळी पिस्तुलं रिकामी करून खाली ठेवलेली, हे नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवावं. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

ग्रामसभेसाठी सूचना

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, असे आपले नऊ तालुके. तालुका क्रीडा संकुलात किंवा शाळेच्या एखाद्या बंद सभागृहात १० मीटरच्या चार-पाच जागा निघू शकतात. मांडणी सोपी : खेळाडू ते लक्ष्य १० मीटर, लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १ मीटर ४० सें.मी., मागे छर्रे अडवणारी भिंत आणि भरपूर उजेड. स्पर्धेचं चांगलं पिस्तूल लाखाच्या वर जातं. ते एकट्या शेतकऱ्याने कर्ज काढून घेऊ नये. चार-पाच गावांनी मिळून दोन पिस्तुलं संस्थेच्या नावावर घ्यावीत, कुलपात ठेवावीत आणि वापराची नोंदवही असावी. पोलीस पाटलांना आणि पोलीस ठाण्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं. २५ मीटरची रेंज जिल्ह्याला एक पुरेशी आहे. तिची मागणी जिल्हा क्रीडा अधिकारी आणि जिल्हा नियोजन समितीकडे सगळ्या तालुक्यांनी मिळून करावी.

आणि पैसा आधी पिस्तुलावर नको, शिक्षकावर घाला. प्रशिक्षण घेतलेला माणूस नसेल तर कुलूप उघडू नका. देशातली नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकाराने. त्यांच्या नावाची स्पर्धा हीच आजही राष्ट्रीय पातळीची एक पायरी आहे. आपल्या मुला-मुलींना तिथं जायचं असेल तर वाट संघटनेतून आणि नोंदणीतून जाते.

येत्या ग्रामसभेत हा विषय निघाला तर ‘किती मीटरची रेंज’ हा प्रश्न शेवटी ठेवा. शिकवणार कोण, कुलूप कोणाकडे आणि वही कोण लिहिणार, ही तीन उत्तरं आधी मिळवा. ती मिळाली तर दहा मीटरपासून सुरुवात करायला हरकत नाही.