डोकी मोजा, मग रस्ता मागा



हंगाम आला की आपण सारे टनेज बोलतो. एकरी किती पडला, उतारा काय बसला, पहिली उचल किती. ते बोलायलाच हवे. पण आपल्या गावात माणसं किती आणि ती ये-जा कशी करतात, हा हिशेब तलाठी-ग्रामसेवकावर सोडून आपण मोकळे होतो. तो हिशेबही उसाइतकाच रोकडा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख भरली. त्यातली ६ कोटी १५ लाख खेड्यांतली. गावनिहाय माहिती जिल्हा जनगणना पुस्तिकेत आली. तिच्यात बसचा एक रकाना आहे. गाडी येत असेल तर ‘आहे’. नसेल तर पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे, एवढेच. एकदा ‘आहे’ लिहिले की कागदावर गावाचा प्रश्न मिटला. गाडी कॉलेजच्या वेळेला येते का, मळ्यातल्या वस्तीपासून थांबा किती लांब, हे त्यात कुठे?

पाटपाणी आले, विहिरी झाल्या, तसे आपण गावठाण सोडून मळ्यात राहायला गेलो. रात्रीचे पाणी धरायचे, गुरे सांभाळायची, तर शेतात राहिल्यावाचून भागत नाही. थांबा मात्र गावठाणातच राहिला. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढे ती खेडोपाडी पोचली, हे थोर काम झाले. १७ मार्च २०२३ पासून बायाबापड्यांना निम्मे तिकीट झाले, तेही चांगलेच. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. थांब्यापर्यंत चिखल तुडवणाऱ्या पोरीला तिचा काय उपयोग?

म्हणजे गाठ रस्त्याशी आहे, आणि रस्ता मिळतो डोक्यांवर. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागातल्या वस्तीची लोकसंख्या किमान ५०० लागते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यालाही २०११ चेच आकडे धरले आहेत. तेव्हा वस्तीची दहा घरे मोजायची राहिली, तर त्याचा भुर्दंड पुढची कित्येक वर्षे भरावा लागतो. तो उसालाही बसतो. तोडलेला ऊस वाटेत अडकला की वजन घटते आणि उताराही.

दुसरी गोष्ट ऊसतोड टोळ्यांची. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गळितात. जो त्या सबंध काळात घरी नसतो, तो जिथे असेल तिथे मोजला जातो. टोळीची माणसं आपल्या फडाशेजारच्या कोपीवर मोजली जातात आणि त्यांच्या गावी घराला कुलूप. आपल्या गावाचा आकडा फुगतो, त्यांचा घटतो. ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम उभा, त्यांच्याच वाडीचा रस्ता पाचशेच्या अटीत अडकावा, हे न्यायाचे नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे पुन्हा गळिताचेच दिवस.

म्हणून आमच्या सूचना अशा. ग्रामसभेत वाडी-वस्त्यांची नावे व घरे यांची यादी करून ठेवावी. प्रगणक आला की एकाने सोबत जाऊन शेवटच्या मळ्यापर्यंत वाट दाखवावी. कोपीवरचे एकही माणूस मोजणीतून सुटू देऊ नये. आणि टोळ्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीने रस्त्यासाठी दाखला मागितला, तर आपल्या शेतकी खात्याने तिथली किती माणसं हंगामात इकडे होती, हे लिहून द्यावे. त्याला कारखान्याचा पैसा लागत नाही.

काट्यावर गाडीचे वजन करताना आपण किलोकिलोवर नजर ठेवतो. माणसांच्या मोजणीतही तशीच ठेवू या.